महाजालातील पत्ते आणि दुवे

ग्रंथालयातील प्रत्येक ग्रंथाला फडताळात एकच जागा मिळते. वाचक मात्र त्याच्याकडे अनेक वाटांनी येत असतो. मुंबईतील प्लेगच्या साथीवर आणि हाफकिन यांनी १८९७ साली तेथे सिद्ध केलेल्या लसीवर कोणी एक ग्रंथ लिहिला, तर तो वैद्यकाच्या फळीवर ठेवावा, मुंबईच्या इतिहासात ठेवावा, की चरित्रग्रंथांत? कोठेही ठेवला तरी उरलेल्या दोन वाटांनी येणारा वाचक रिकाम्या हातांनी परत जाण्याचा संभव राहतोच. अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली जी वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली तीत सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येक वर्गाचे दहा विभाग आणि प्रत्येक विभागाचे पुन्हा दहा पोटविभाग कल्पिले होते. हे एक झाडच होते. खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि प्रत्येक ग्रंथ हे एकाच डहाळीवरचे पान. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांना हे झाड अपुरे वाटले. लंडनमधील एका दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. त्यातील तेच तुकडे निरनिराळ्या रीतींनी जोडून मुलाला हवी ती वस्तू तयार करता येई. विषयाचे असे सुटे तुकडे विसर्गासारख्या चिन्हाने जोडून ग्रंथाचा क्रमांक घडवावा, ही त्यांची कल्पना १९३३ साली द्विबिंदु वर्गीकरण म्हणून प्रसिद्ध झाली. अर्थात फडताळातील जागा तरीही एकच राहिली. ग्रंथ हा जड पदार्थ आहे; तो एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही.

जो पदार्थ जड नाही, त्यालाही झाडाचेच बंधन का असावे, हा प्रश्न पुढे अर्धशतकाने दुसऱ्याच क्षेत्रात उभा राहिला. आज एखाद्या शोधयंत्रात चार शब्द टाकले की लक्षावधी पानांतून दहा पाने निवडून आपल्यापुढे मांडली जातात. ही दहाच का, आणि त्यांतले पहिले पहिलेच का, याचा उगम पाहू गेल्यास तो या झाडाच्या आणि त्याला विरोध म्हणून विणल्या गेलेल्या जाळ्याच्या वादात सापडतो.

जिनेव्हाजवळ सर्न ही अणुकेंद्रविज्ञानाची युरोपीय संशोधनसंस्था आहे. तेथे काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये आपल्या वरिष्ठांना एक टिपण सादर केले. त्याचा विषय कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला ओळखीचा वाटावा असा आहे. संस्थेत माणसे येतात, साधारण दोन वर्षे राहतात आणि जातात. त्यांच्याबरोबर कोणते यंत्र कोणी बसवले, कोणती आज्ञावली कशासाठी लिहिली, ही माहितीही निघून जाते. कागद असतो, पण तो कोठे आहे हे सांगणारा माणूस नसतो. यावर उपाय सुचवताना बर्नर्स-ली यांनी झाडासारख्या रचनेचे दोष स्पष्टपणे मांडले. खऱ्या जगातील वस्तूंचे परस्परसंबंध फांद्यांसारखे नसतात. एक वस्तू अनेक वस्तूंशी आडवी-उभी गुंतलेली असते. तेव्हा कोणत्याही कागदातून कोणत्याही कागदाकडे थेट दुवा देता यावा, अशी त्यांची मागणी होती. या कल्पनेलाही पूर्वज होते. व्हॅनिव्हर बुश यांनी १९४५ साली लेखांना लेख जोडीत जाणाऱ्या वाटांचे एक यंत्र कल्पिले होते, आणि टेड नेल्सन यांनी १९६५ साली अशा लेखनाला 'हायपरटेक्स्ट' हे नाव दिले होते. बर्नर्स-ली यांची करामत अशी की त्यांनी ते प्रत्यक्षात, आणि साऱ्या जगासाठी, चालते केले. १९९१ मध्ये महाजाल सर्नच्या बाहेरील लोकांना खुले झाले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्यावरील आपला हक्क सोडून ते सार्वजनिक केले.

परंतु इतिहासाला अशा जागी थोडी थट्टा करण्याची सवय असते. झाडाला कंटाळून ज्यांनी जाळे विणले, त्यांना जाळ्यातील प्रत्येक गाठीला पत्ता द्यावाच लागला, आणि तो पत्ता पुन्हा झाडाचाच झाला. संगणकांच्या युनिक्स प्रणालीत धारिका ठेवण्याची जी रीत होती, म्हणजे कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा, आणि मध्ये एकेक तिरपी रेघ, तीच रीत महाजालाच्या पत्त्यात उतरली. आधी यंत्राचे नाव, मग रेघ, मग विभाग, मग रेघ, मग उपविभाग. सुरुवातीच्या दोन जोडरेघांबद्दल तर खुद्द बर्नर्स-ली यांनीच २००९ साली कबूल केले की त्या नसत्या तरी चालले असते. जगभर किती बोटे त्या दोन रेघा उमटवण्यात झिजली असतील, त्याची गणती कोण करणार!

या पत्त्याच्या नावावरूनही वाद झाला. बर्नर्स-ली यांच्या मनात त्याला 'विश्वव्यापी' असे विशेषण होते आणि त्याचे काम 'ओळख' पटवण्याचे असावे अशी इच्छा होती. प्रमाणके ठरवणाऱ्या मंडळातील सभासदांना पहिला शब्द गर्विष्ठपणाचा वाटला आणि दुसरा अवास्तव. कारण कागद जागा बदलणारच, असे त्यांचे म्हणणे. म्हणून 'विश्वव्यापी'च्या जागी 'एकरूप' आणि 'ओळख'च्या जागी 'स्थाननिर्देश' हे शब्द आले, आणि डिसेंबर १९९४ मध्ये यूआरएल या आद्याक्षरी नावाने ते प्रमाणक प्रसिद्ध झाले. बदल दोन शब्दांचा, पण त्याचा परिणाम दूरवर झाला. माणसाचे नाव आणि माणसाचा पत्ता यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. नाव जन्मभर टिकावे अशी अपेक्षा असते; पत्ता बदलला तर कोणाला नवल वाटत नाही.

आता जाळ्याकडे वळू. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाने इतकी वाढली की ती शोधण्यासाठी यंत्रे लागली. वेबक्रॉलर आणि लायकॉस १९९४ साली आली, अल्टाव्हिस्टा डिसेंबर १९९५ मध्ये. याहूने १९९४ साली वेगळा मार्ग धरला. माणसे बसवून पानांची विषयवार सूची केली. म्हणजे पुन्हा ड्यूईचेच झाड. ही सूची २०१४ अखेर बंद झाली. इतर यंत्रे पानातील शब्द मोजीत. ज्या पानात 'कर्ज' हा शब्द जास्त वेळा, ते पान कर्जाविषयी अधिक अधिकारी! हे कळताच काही चतुर लोकांनी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा छापण्यास सुरुवात केली. माणसाला ती अक्षरे दिसत नसत, यंत्राला दिसत. पान स्वतःविषयी जे सांगते त्यावरच विश्वास ठेवला तर दुसरे काय होणार? आपल्या तोंडाने आपली स्तुती करणाऱ्याची साक्ष कोणत्याही न्यायालयात टिकत नाही.

साक्ष दुसऱ्याची हवी, हा विचार मुळात वकिलांचा आणि ग्रंथपालांचा होता. अमेरिकेत १८७३ पासून शेपर्ड यांची एक सूची निघत असे. कोणत्या निकालाचा आधार पुढील कोणत्या निकालांत घेतला गेला, हे ती सांगे. तिच्यापासून धडा घेऊन युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली विज्ञानातील लेखांसाठी तशीच सूची असावी असे सुचवले, आणि १९६४ पासून ती प्रत्यक्षात निघू लागली. ज्या लेखाचा संदर्भ अनेकजण देतात तो महत्त्वाचा असावा, हे त्यामागचे गृहीत. १९७६ साली गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नारिन यांनी त्यात एक मोलाची दुरुस्ती केली. सर्व संदर्भ सारखेच मोजू नयेत. महत्त्वाच्या नियतकालिकाने घेतलेल्या संदर्भाचे वजन अधिक धरावे, आणि ते नियतकालिक महत्त्वाचे आहे की नाही हेही त्याला मिळालेल्या संदर्भांवरूनच ठरवावे. हे वर्तुळात फिरल्यासारखे वाटते, पण गणितात अशा वर्तुळाचे उत्तर निघते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी हाच विचार महाजालावर लावला. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा म्हणजे एक संदर्भ, एक साक्ष. त्यांच्याबरोबर टेरी विनोग्राड आणि जम्मूत जन्मलेले, कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले राजीव मोटवानी हे अध्यापकही पानांच्या श्रेणीवरील लेखाचे सहलेखक होते. एप्रिल १९९८ मध्ये ब्रिस्बेन येथील परिषदेत ब्रिन आणि पेज यांनी आपले गूगल हे शोधयंत्र जगापुढे मांडले, तेव्हा त्यात २ कोटी ४० लक्ष पाने होती आणि त्यांनी सुमारे ५१ कोटी ८० लक्ष दुव्यांचा नकाशा तयार केला होता. जॉन क्लाइनबर्ग यांनीही त्याच सुमारास दुव्यांवरून अधिकारी पाने ओळखण्याची निराळी रीत शोधली होती. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच, जाळ्यावर भरवसा.

गणित कसे चालते ते थोडक्यात पाहण्यासारखे आहे, कारण पुढील सगळी भांडणे त्यावरूनच झाली. एक वाटसरू कल्पावा. तो एका पानावर येतो, तेथील दुव्यांपैकी कोणताही एक धरून पुढे जातो, तेथून आणखी पुढे. शंभरांतील पंधरा वेळा त्याला कंटाळा येतो आणि तो भलत्याच पानावर उडी मारतो. असा तो अखंड फिरत राहिला, तर कोणत्या पानावर त्याची पावले किती वेळा उमटतील, ते त्या पानाचे वजन. यावरून असे निघते की पान आपल्या वजनाचा शंभरांतील पंच्याऐंशी भाग आपल्या सर्व दुव्यांत सारखा वाटून टाकते.

येथेच लोकांच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट आहे. दुवा शेजाऱ्याने दिला की घरच्याच माणसाने, हा भेद मूळच्या या गणितात नव्हता. संस्थळाच्या मुखपृष्ठाकडे जगातून जे वजन आले ते आत कसे वाटले जाते, हे घराच्या आतील दुवे ठरवतात. समजा मुखपृष्ठाचे वजन १०० आहे आणि त्यावर ५ दुवे आहेत. प्रत्येक आतील पानाला १७ मिळतील. दुवे ८५ केले तर प्रत्येकाच्या वाट्याला १ येईल. आता दुसरी रचना पाहा. मुखपृष्ठावर १० दुवे, त्यांतील प्रत्येक पानावर पुढे १०, त्यापुढे आणखी १०, आणि बाहेरून दुसरे काही मिळत नाही. पहिल्या पायरीवरील पानाला साडेआठ मिळतात, दुसऱ्या पायरीवर पाऊणाहूनही कमी, आणि तिसऱ्या पायरीवर एका शतांशाच्या सहापट. चौथ्या पायरीवर जे पान आहे त्याची साक्ष काढायला कोणी उरत नाही.

ही पायरी पत्त्यातील तिरप्या रेघांची नव्हे, हे पुष्कळांना उमगत नाही. पत्त्यात पाच रेघा असलेल्या पानाकडे मुखपृष्ठावरून थेट दुवा असेल, तर ते पहिल्या पायरीवरचेच पान. आणि ज्याच्या पत्त्यात एकच रेघ आहे, पण ज्याच्याकडे जायला सहा पानांतून वाट काढावी लागते, ते सहाव्या पायरीवरचे. गूगलच्या अभियंत्यांनीही पुढे हे उघडपणे सांगितले. म्हणजे जेथे झाड आणि जाळे यांचा झगडा होतो, तेथे यंत्र जाळ्याचे ऐकते. तरीही आपल्या पत्त्यातील रेघा कमी करण्यासाठी साऱ्या संस्थळाची उलथापालथ करणारे आणि त्या भरात हजारो जुने दुवे तोडून टाकणारे लोक काही थोडे झाले नाहीत. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच.

जाळ्याच्या या कारभारात सर्वांत दुर्दैवी प्राणी म्हणजे अनाथ पान. ते अस्तित्वात असते, त्याला पत्ता असतो, त्यातील मजकूरही अस्सल असतो. पण त्याच्याकडे कोणाचाच दुवा नसतो. शोधयंत्राची फिरती आज्ञावली दुव्यांवरूनच चालते. वाट नसेल तेथे ती पोचत नाही. कित्येक कार्यालयांची परिपत्रके अशा अवस्थेत असतात. ती पाहण्यासाठी आधी विभाग निवडा, मग वर्ष निवडा, मग एक कळ दाबा, अशी योजना असते. माणूस हे करील. यंत्र सहसा करीत नाही. या अडचणीवर २००५ साली गूगलने आणि २००६ साली गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून संस्थळाच्या नकाशाची रीत काढली. मालकाने आपल्या सर्व पानांची यादी यंत्राला द्यावी. अनाथ पानाचा ठावठिकाणा त्यामुळे कळतो, पण त्याचे वजन वाढत नाही. जनगणनेत नाव लागले म्हणून कोणाला आप्तेष्ट मिळत नाहीत.

दुव्याचे आणखी एक काम ब्रिन आणि पेज यांनी ओळखले होते. दुवा ज्या शब्दांवर बसवलेला असतो, ते शब्द त्यांनी दुवा देणाऱ्या पानाबरोबरच, ज्याच्याकडे दुवा जातो त्या पानाच्या खात्यावरही जमा केले. दुसऱ्याने आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली, यावरून आपली ओळख ठरावी, तसेच हे. आता मराठीतील पुष्कळशी संस्थळे उघडून पाहिली तर दुवा कोणत्या शब्दांवर असतो? 'येथे क्लिक करा.' पीकविम्याचा अर्ज असो, संतवाङ्मयाची सूची असो, की जिल्ह्याचा नकाशा. सर्वांचे नाव एकच, 'येथे'. अशा हाकेने यंत्राला काहीही कळत नाही, आणि खरे तर माणसालाही फारसे नाही. 'पीकविम्याचा अर्ज' हे दोन शब्द अधोरेखित केले असते तर एक पैसाही जास्त पडला नसता.

मराठी पानांच्या बाबतीत हा मुद्दा इतर भाषांपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याचे कारण पत्त्यात दडलेले आहे. यूआरएलचे प्रमाणक रोमन लिपीभोवती रचले गेले. देवनागरी अक्षर त्यात लिहायचे तर त्याचे तीन भाग करून प्रत्येक भाग शेकड्याच्या चिन्हाने व दोन रोमन अक्षरांकांनी दाखवावा लागतो. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. म्हणून पत्त्यात या एका शब्दाची ४५ चिन्हे होतात. मराठी विकिपीडियाने लेखांचे पत्ते देवनागरीतच ठेवले. ब्राउझर ते देवनागरीत दाखवतो, पण पत्ता उचलून पत्रात डकवला की पुष्कळदा त्या शेकड्याच्या चिन्हांची रांगच उमटते. म्हणून बहुतेक मराठी वृत्तपत्रांनी पत्त्यासाठी रोमन लिपी पत्करली. त्यात विठ्ठलाचे तीन-चार प्रकारे लेखन होते आणि शोधणारा तर देवनागरीत शोधतो. ऑगस्ट २०१४ मध्ये 'भारत' हे देवनागरी नाव पत्त्याच्या शेवटी लावण्याची सोय झाली, ती संस्थळाच्या नावापुरती. तिच्यापुढील रेघांच्या मागे मात्र बहुतेकांनी रोमनच ठेवले. पत्त्यातील शब्दांना शोधयंत्र फारच थोडे वजन देते, हे या बाबतीत मराठीचे सुदैव म्हणावे लागेल. पत्ता मुका असला तरी दुव्यावरचे शब्द शुद्ध मराठीत बोलू शकतात. बोलू दिले तर.

साक्षीला किंमत आली की खोटे साक्षीदारही येतात. दुव्यांवर वजन ठरते हे कळताच दुव्यांचा बाजार भरला. एकमेकांकडे दुवे देणाऱ्या पानांची शेते उभी राहिली. वाचकांच्या अभिप्रायांच्या जागी औषधांच्या दुकानांचे दुवे कोंबले जाऊ लागले. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन दुव्याला जोडायची एक खूण जाहीर केली. तिचा अर्थ असा की हा दुवा मी साक्ष म्हणून देत नाही, याचे वजन धरू नये. खूण परक्यांच्या दुव्यांसाठी होती; पण लोकांनी ती घरातच वापरायला काढली. 'संपर्क', 'गोपनीयता', 'नियम व अटी' या पानांच्या दुव्यांना ती खूण लावावी, म्हणजे त्यांच्या वाट्याचे वजन वाचून विक्रीच्या पानांना मिळेल, असा हिशेब. या कसबाला वजनाचे शिल्पकाम असे भारदस्त नाव मिळाले आणि त्यावर सल्ला देणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला. जून २००९ मध्ये गूगलचे मॅट कट्स यांनी उघड केले की खूण लावलेल्या दुव्याचे वजन वाचत नाही, ते नुसते नाहीसे होते. आणि हा बदल वर्षाहूनही अधिक काळापूर्वी करण्यात आला होता. म्हणजे वर्षभर ही मंडळी घराच्या पाण्याची एकेक तोटी बंद करून ते पाणी गटारात सोडीत होती, आणि कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते! एप्रिल २०१२ मध्ये गूगलने विकत घेतलेल्या दुव्यांविरुद्ध मोठी मोहीम काढली, आणि पानाचे वजन लोकांना आकड्यात दाखवण्याची जी सोय २००० सालापासून होती ती २०१६ मध्ये बंद केली. आकडा दिसला की माणसे पान विसरून आकड्याच्या मागे लागतात, हे त्या कंपनीला सोळा वर्षांनी पटले.

मग पत्त्याच्या झाडाला काहीच अर्थ उरला नाही काय? उरला, पण तो श्रेणीचा नव्हे, ओळखीचा. एकच पान पाच पत्त्यांवर उघडत असेल, म्हणजे सुरक्षित आणि असुरक्षित जोडणीने, आरंभीच्या तीन अक्षरांसह आणि त्यांवाचून, प्रश्नचिन्हापुढे भेट देणाऱ्याचा क्रमांक जोडून, तर यंत्राला ती पाच पाने वाटतात आणि एकाच्या वाट्याची साक्ष पाच जागी विखुरते. यावर फेब्रुवारी २००९ मध्ये तिन्ही मोठ्या शोधयंत्रांनी एक उपाय मान्य केला. पानाच्या शिरोभागात त्याचा प्रमाण पत्ता लिहावा, म्हणजे बाकीच्या पत्त्यांची साक्ष त्याच्या नावे जमा होईल. पान दुसरीकडे हलवले तर जुन्या पत्त्यावर कायमच्या स्थलांतराची पाटी लावण्याची सोय तर पहिल्यापासून होती. टपाल खाते नव्या पत्त्यावर पत्र धाडते तशीच. ही पाटी लावली तर जुनी साक्ष नव्या घरी पोचते. न लावली तर ती तेथेच मरते. वाचकाच्या नजरेतून तर पत्ता हळूहळू नाहीसाच होत आहे. २०१५ साली गूगलने मोबाइलवरील निकालांत पत्त्याच्या जागी विभाग-उपविभागांची पायवाट दाखवायला सुरुवात केली; जानेवारी २०२५ मध्ये मोबाइलवरून ती पायवाटही काढून फक्त संस्थळाचे नाव ठेवले.

पण वाचकाच्या नजरेआड गेला म्हणून पत्ता बिनमहत्त्वाचा झाला असे नाही. उलट, दुवा हा पत्त्यावर टांगलेला असतो. पत्ता मोडला की त्यावरची सारी साक्ष कोसळते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जोनाथन झिट्रेन, केंड्रा आल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांना असे आढळले की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आधार म्हणून दिलेल्या महाजालावरील पत्त्यांपैकी निम्म्यांवर मूळ मजकूर राहिलेला नव्हता. न्यायालयाने ज्या कागदावर बोट ठेवून निवाडा केला, तो कागद पुढच्या वकिलाला दिसत नाही. ज्या देशात १८७३ पासून निकालांच्या संदर्भांची काटेकोर सूची निघत होती, तेथली ही स्थिती आहे.

बर्नर्स-ली यांनी या संकटाची सूचना १९९८ सालीच देऊन ठेवली होती. चांगले पत्ते बदलत नाहीत, बदलतात ती माणसे, असा त्या छोट्या टिपणाचा रोख आहे. पत्त्यात काय नसावे याची त्यांनी यादी दिली. लेखकाचे नाव नको, कारण लेखक बदलतो. विषय नको, कारण विषयांची वाटणी बदलते. 'मसुदा', 'अंतिम', 'ताजे' असे शब्द नकोत. धारिकेचा प्रकार सांगणारे शेपूट नको, कारण यंत्र बदलते. मग ठेवावे काय? कागद निर्माण झाल्याची तारीख. ती एकच गोष्ट पुढे कधी बदलत नाही.

या सल्ल्याशी जुळणारी एक रीत महाराष्ट्र शासनाच्या कारभारात सापडते. तेथील शासन निर्णयांच्या शेवटी एक ठराविक वाक्य असते, की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. हा संकेतांक म्हणजे अठरा अंकांची एक लांबलचक रांग. तिच्या आरंभी वर्ष, महिना आणि दिवस. विभागांची नावे बदलली, खाती एकमेकांत मिसळली, संकेतस्थळाची मांडणी नव्याने झाली, तरी त्या रांगेला धक्का लागण्याचे कारण नाही. ती पत्ता नव्हे, नाव आहे. १९९४ च्या मंडळाने जे अवास्तव म्हणून बाजूला ठेवले होते तेच. उणीव आहे ती जाळ्याची. नव्या निर्णयाच्या आरंभी 'संदर्भ' म्हणून जुन्या निर्णयांचे क्रमांक आणि दिनांक दिलेले असतात. शेपर्ड आणि गारफील्ड यांना हेवा वाटावा इतक्या नेटकेपणाने. पण ते बहुधा नुसते छापलेले असतात. त्यांवर बोट ठेवले तर जुना निर्णय उघडत नाही. दुवे बसवले असते तर कोणता निर्णय पुढील किती निर्णयांनी आधाराला घेतला, हे यंत्रालाही मोजता आले असते, आणि खेड्यातील एखाद्या ग्रामसेवकाला शोधयंत्रात पहिल्या जागी मूळ निर्णय दिसला असता. त्याचा अर्धवट गोषवारा देणारे कोणाचे तरी जाहिरातींनी भरलेले पान दिसले नसते.

जगातील पहिले संस्थळ सर्नच्या यंत्रावर होते. मधल्या काळात ते मूळ जागेवरून दिसेनासे झाले होते. सर्नने महाजाल सार्वजनिक केल्याला वीस वर्षे झाली तेव्हा, ३० एप्रिल २०१३ रोजी, त्या संस्थेने ते पहिले पान त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले. त्या पानाचा पत्ता पाहण्यासारखा आहे. यंत्राच्या नावानंतर एक कप्पा, त्यात दुसरा कप्पा, मग 'प्रकल्प' हा विषय सांगणारा शब्द, आणि शेवटी धारिकेच्या प्रकाराचे शेपूट. पुढे १९९८ साली बर्नर्स-ली यांनी जे जे टाळायला सांगितले, त्यातील विषय आणि शेपूट ही दोन्ही त्या पत्त्यात आहेत.